शिकाऊ म्हणून आल्या, केंद्राला नाव देऊन गेल्या: लादी क्वाली यांचं प्रकरण

1954 साली उत्तर नायजेरियातल्या अबुजा गावच्या सरकारी कुंभारकाम प्रशिक्षण केंद्रात एक बाई शिकाऊ म्हणून दाखल झाल्या. वय तिशीच्या जवळ. शाळेचं शिक्षण नाही, इंग्रजी येत नाही. केंद्राचे प्रमुख इंग्रज, आधीचे शिकाऊ सगळे पुरुष. या पहिल्याच बाई. गंमत अशी, की त्यांच्या हातची भांडी त्याआधीच अबुजाच्या अमीराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, वाड्यात मानाने मांडलेली होती. केंद्राच्या प्रमुखांना त्यांचं काम माहीत झालं तेही वाड्यातली ती भांडी पाहूनच. मग इथं शिकणारं कोण आणि शिकवणारं कोण?

लादी क्वाली यांच्यावर लिहिताना पुरस्कारांची यादी देऊन मोकळं होणं सोपं आहे. मला या प्रकरणात एकच प्रश्न धरून पुढे जायचं आहे. ज्या बाईला काम येतंच, तिला एखादी संस्था ‘शिकवायला’ घेते, तेव्हा नेमकी देवघेव काय होते?

आधी एक खुलासा. हे अबुजा म्हणजे नायजेरियाची आजची राजधानी नाही. 1976 मध्ये नव्या राजधानीसाठी ‘अबुजा’ हे नाव घेतलं गेलं आणि जुन्या गावाचं नाव सुलेजा झालं. लादींचं क्वाली हे गाव मात्र आता त्याच राजधानीच्या प्रदेशात मोडतं.

क्वालीतलं शिक्षण

क्वाली हे ग्बाग्यी लोकांचं गाव. उत्तर नायजेरियातले हौसा लोक त्यांना ग्वारी म्हणत आणि इंग्रजांनी तेच उचललं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ग्वारी हेच नाव सापडतं. शेतीवर जगणारी ही माणसं. ओझं डोक्यावर न घेता खांद्यावर, मानेच्या मागे पेलायची त्यांची रीत आजही ओळखीची खूण आहे. लादींचा जन्म 1925 च्या सुमाराचा. भांडी घडवणं हे तिथं बायकांचं काम, घरच्या अंगणात चालणारं. लादी ते लहानपणीच आईच्या पिढीतल्या एका नातलग बाईकडून शिकल्या.

ही पद्धत नीट समजून घेतली नाही तर पुढचं सगळं प्रकरण अर्धवट कळेल, म्हणून थोडं रेंगाळतो.

चाक नाही. मातीचा भलाथोरला गोळा घ्यायचा, मुठीनं मधोमध खोलगट करायचा आणि आतून माती वर ओढत भांड्याची भिंत उभी करायची. मग तिच्यावर मातीच्या जाड वळ्या एकीवर एक चढवायच्या. एक हात आतून आधाराला, दुसऱ्या हाताने बाहेरून दाबत, चोपत जोड बुजवायचे आणि भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने अंग खरवडून सारखं करायचं. या सगळ्यात भांडं जागचं हलत नाही. बाई भांड्याभोवती फिरते. कमरेतून वाकलेली, उलट्या पावलांनी, गोल गोल. पोटाचा घेर सगळीकडून सारखा येतो तो तिच्या चालीतून. पाऊल अडखळलं की भिंतीला फुगवटा.

ओलं असतानाच नक्षी. खाचा कोरलेला लाकडाचा छोटासा रूळ अंगावरून फिरवला की ठिपक्यांचे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लादी रेघांनी प्राणी काढत: सरडे, विंचू, साप, मगरी, मासे, पक्षी. सरडा वरून पाहिल्यासारखा, चारही पाय पसरलेला, अंगभर तिरक्या रेघा. मगर भांड्याच्या पोटाला वळसा घालून गेलेली. परिसरातल्या इतर बायकांच्या भांड्यांवरही अशी चित्रं असत, पण लादींच्या रेघेत जागेची जाण वेगळीच होती. कुठे भरायचं आणि कुठे मोकळं सोडायचं हे त्यांना न मोजता कळत असावं. त्यांची भांडी बाजार भरायच्या आधीच खपून जात, अशी घरच्यांची आठवण आहे.

भाजणं उघड्यावर. भांडी रचायची, भोवती आणि वर काटक्या, वाळलेलं गवत, आणि पेटवून द्यायचं. बंद भट्टी नसल्याने आच फार चढत नाही. भांडी गरम असतानाच त्यांच्यावर एका शेंगेच्या टरफलांचा काढा शिंपडायची चाल या भागात आहे. त्याने अंगाला तपकिरी तकाकी येते. असं कमी आचेवर भाजलेलं भांडं सच्छिद्र राहतं. पाणी बारीक झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं. आपल्या माठाचं जे, तेच तिथं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्रज प्रमुख आणि त्यांचं केंद्र

मायकेल कार्ड्यू हे ऑक्सफर्डमध्ये अभिजात भाषा शिकलेले गृहस्थ. 1923 मध्ये ते बर्नार्ड लीच यांच्या सेंट आइव्ह्जच्या कुंभारशाळेत गेले, आणि लीच स्वतः जपानमध्ये हे काम शिकून आलेले. पुढे कार्ड्यूंनी इंग्लंडातल्या विंचकंब इथं स्वतःचं काम उभं केलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आजच्या घानात गेले. तिथं अलाजो इथं मोठ्या प्रमाणावर कौलं, विटा, भांडी काढायचा सरकारी प्रकल्प त्यांच्याकडे होता, तो बुडाला. मग व्होल्टा नदीकाठच्या व्हुमे गावात त्यांनी एकट्याने लहान प्रमाणावर प्रयोग केले, आणि आजारी पडून परतले. 1951 मध्ये नायजेरियाच्या वसाहत सरकारने त्यांना कुंभारकाम अधिकारी नेमलं आणि 1952 मध्ये अबुजाचं केंद्र सुरू झालं. स्थानिक माती, स्थानिक हात, लाकडावर चालणारी उंच आचेची भट्टी, झिलईची टिकाऊ भांडी आणि त्यातून रोजगार, असा बेत होता.

आता बघा. ज्या मुलखात शेकडो बायका घरोघरी उत्तम भांडी घडवत होत्या, तिथं सरकारने कुंभारकामाची शाळा काढली आणि त्यात भरती केले पुरुष. त्यांना चाक शिकवलं. बायकांचं काम परंपरा, पुरुषांचं काम उद्योग, अशी ती वाटणी कुणी कागदावर लिहिली नव्हती, पण होती. दोन वर्षं केंद्र असंच चाललं.

अबुजाचे अमीर सुलेमानु बाराउ जाणकार होते. त्यांच्या वाड्यात लादींच्या हातच्या घागरी होत्या. कार्ड्यूंनी त्या 1950 मध्येच, म्हणजे नेमणुकीच्या आधी पाहिल्या होत्या. तरी लादी केंद्रात यायला चार वर्षं गेली. कार्ड्यूंची भीती अशी, की बायकांचं काम मुळात परिपूर्ण आहे, केंद्रात आणून ते बिघडेल. ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण त्याच भीतीपायी केंद्राची पहिली दोन वर्षं बायका पगाराबाहेर राहिल्या, हेही खरं.

भांड्याचं काय झालं

केंद्रात लादी चाक शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. जग, वाडगे, ताटल्या त्यांनी चाकावर काढल्या. लाल किंवा पांढऱ्या मातीच्या पातळ लेपात वाडगा बुडवायचा आणि साळिंदराच्या काट्याने लेप ओरखडून खालच्या रंगाची नक्षी काढायची, हे तंत्र त्यांनी आत्मसात केलं. पण त्यांचं खरं काम राहिलं ते हाताने उभारलेल्या पाण्याच्या घागरींचं. चाक येत असूनही त्या घागरीभोवती चालत राहिल्या. मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा वाटतो, आणि तो त्यांचा होता.

बदल झाला तो त्यानंतरच्या टप्प्यांत. माती बदलली: उंच आच सोसणारी, स्टोनवेअरची, म्हणजे भाजल्यावर दगडासारखी कठीण होणारी. कोरलेल्या रेघांत केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार हे खनिज यांचं पांढरं मिश्रण भरलं जाऊ लागलं, त्यामुळे सरडे आणि विंचू गडद अंगावर पांढरे उठून दिसू लागले. वरून हिरवट, पारदर्शक झिलई, जिचं मूळ चीनमध्ये आणि जी लीच यांच्या मार्फत कार्ड्यूंकडे आली होती. आणि भाजणं सुमारे 1280 अंश सेल्सिअसवर, बंद भट्टीत. ग्बाग्यी घाट, चिनी झिलई, इंग्रजी भट्टी. या तिन्हींची सांगड एका भांड्यात बसवणं दिसतं तितकं सोपं नाही. वळ्यांचं जाड भांडं त्या आचेत तडकू शकतं, खचू शकतं.

बसली मात्र ती सांगड. नायजेरियाच्या कलाविश्वात नेहमी एक गोष्ट सांगतात: 1958 मध्ये झारिया इथल्या कला महाविद्यालयात उचे ओकेके, डेमास न्वोको, ब्रूस ओनोब्राकपेया या विद्यार्थ्यांनी मंडळ काढलं आणि देशी परंपरा व परकी तंत्र यांचा मेळ घालायचा विचार मांडला. नायजेरियन आधुनिक कलेची सुरुवात अनेकदा तिथून मोजतात. त्यांचं मोठेपण कमी करायचं कारण नाही. पण त्याच उत्तर नायजेरियात, जाहीरनामा न काढता, एक निरक्षर बाई चार वर्षं आधीपासून हेच करत होती. चित्र आणि शिल्प म्हणजे कला, भांडं म्हणजे हस्तकला, या उतरंडीमुळे तिचं नाव त्या इतिहासात उशिरा येतं.

आता किंमत. काचेसारखी झिलई चढलेलं आणि दगडासारखं भाजलेलं भांडं झिरपत नाही. म्हणजे पाणी गार करत नाही. लादींच्या जुन्या घागरी गावात पाणी गार ठेवत होत्या. नव्या घागरी लंडनच्या खोलीत, कपाटावर ठेवायच्या होत्या. घाट तोच, चित्रं तीच, काम गेलं. महाग असल्यामुळे केंद्राचा माल विकत घेणारे बहुतेक युरोपीय आणि वरच्या थरातले लोक होते. क्वालीतल्या बाईला त्या घागरीचा उपयोगही नव्हता आणि ती परवडणारीही नव्हती. काही अभ्यासक याला परंपरेचं अपहरण म्हणतात. मी तितकं टोकाला जाणार नाही, कारण तोवर गावातही इनॅमलची आणि पुढे प्लास्टिकची भांडी आलीच होती, आणि घागरीचं जुनं काम कार्ड्यू आले नसते तरी ओसरणारच होतं. पण ‘कार्ड्यूंनी ही कला वाचवली’ हे वाक्यही मला पटत नाही. वाचलं ते रूप.

एक बारीक गोष्ट बदलली, तिचा परिणाम मोठा झाला. अबुजाच्या भांड्यांच्या बुडाशी केंद्राचा शिक्का असे आणि घडवणाऱ्याच्या आद्याक्षरांचा वेगळा शिक्का. लादींच्या भांड्यांवर ‘एल के’. गावच्या बाजारात अशा शिक्क्याची गरज नव्हती, घेणाऱ्याला हात ओळखू येई. पण संग्रहालयात आणि लिलावात बिनशिक्क्याचं भांडं ‘ग्वारी घागर, कारागीर अज्ञात’ होऊन बसतं. युरोपातल्या संग्रहांत अशी अज्ञात आफ्रिकन भांडी ढिगाने आहेत. लादी त्या ढिगातून बाहेर आल्या, त्यात हाताच्या कसबाइतकाच त्या दोन अक्षरांचा वाटा आहे.

चालून दाखवणं

लंडनच्या बर्कली गॅलरीत 1958, 1959 आणि 1962 मध्ये अबुजाच्या भांड्यांची प्रदर्शनं झाली आणि लादींचं नाव युरोपात झालं. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या सोहळ्यानिमित्तच्या प्रदर्शनातही त्यांची भांडी होती. त्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, फार्नमचं कला महाविद्यालय आणि कार्ड्यूंची वेनफर्ड ब्रिजची कार्यशाळा इथं प्रात्यक्षिकं दिली. जर्मनी आणि फ्रान्समध्येही. 1972 मध्ये कार्ड्यू आणि घानाचे कुंभार कोफी अथे यांच्याबरोबर अमेरिकेचा मोठा दौरा झाला.

या प्रात्यक्षिकांकडे दोन नजरांनी बघता येतं. एक नजर म्हणते, गोऱ्या प्रेक्षकांसमोर आफ्रिकन बाईला उभं केलं, बोलायचं काम कार्ड्यूंनी केलं आणि तिने फक्त हात चालवले. यात तथ्य आहे. दुसरी नजर शिकणाऱ्याची. त्या काळात इंग्लंडातला कुंभारकामाचा विद्यार्थी जवळजवळ सगळा चाकावर वाढत होता. त्याच्यासमोर एक बाई कमरेइतक्या भांड्याभोवती उलटी चालत जाते आणि चाकाविना निर्दोष गोल पोट उभं करते. भाषांतराची गरजच नव्हती. व्याख्यानातून जे सांगता येणार नाही ते तिथं समोर घडत होतं.

अबुजातही त्यांचं शिकवणं असंच होतं. त्यांच्यामागून असिबी इदो, कांदे उशाफा, हलिमा औदू अशा बायका केंद्रात आल्या आणि हाताने घडवणाऱ्यांची एक वेगळी खोलीच तयार झाली. तिला हौसा भाषेत ‘डाकिन ग्वारी’, म्हणजे ग्वारी खोली, म्हणत. क्वालीच्या अंगणात जसं शिकल्या तसंच त्या शिकवत: शेजारी काम करत राहायचं, शिकणारीने बघत राहायचं, चुकलं की हात धरून नेमकी जागा दाखवायची. पुढे झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठात त्यांनी प्रात्यक्षिकं देत अध्यापन केलं. अभ्यासक्रम, गुण, परीक्षा यांच्या चौकटीत ही पद्धत कशी बसवायची, हा प्रश्न विद्यापीठाचा. त्यांनी आपली पद्धत बदलली नाही.

त्यांच्या शिकवण्याचा सर्वांत दूरवर गेलेला धागा केनियाच्या मॅग्डलीन ओडुंडो यांच्यापर्यंत पोचतो. 1950 मध्ये नैरोबीत जन्मलेल्या, लहानपणाचा काही काळ दिल्लीत काढलेल्या ओडुंडो 1971 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि फार्नमला कुंभारकाम शिकू लागल्या. 1974 मध्ये कार्ड्यूंच्या सल्ल्याने त्या अबुजाला तीन महिने राहिल्या. आफ्रिकेतली मुलगी हाताने भांडं उभारायला शिकण्यासाठी इंग्लंडमार्गे आफ्रिकेत परत आली, हा वसाहतीच्या काळाने घातलेला वळसाच म्हणायचा. अबुजात लादी आणि तिथल्या इतर बायकांकडून त्या वळ्यांचं काम शिकल्या. ओडुंडोंची आज जगभर गाजलेली, घोटून आरशासारखी केलेली, लाल-काळी भांडी चाकावर होत नाहीत. हातानेच उभारली जातात, आणि त्यांना झिलईही नसते. लादींच्या भांड्यावर चढलेला तो काचेचा थर शिष्येने पुन्हा उतरवला, असं मला त्यांच्याकडे पाहताना वाटतं. ओडुंडो पुढे फार्नमलाच प्राध्यापक झाल्या आणि 2018 मध्ये त्या विद्यापीठाच्या कुलपती.

मानसन्मान आणि मागे उरलेलं

सन्मान भरपूर मिळाले, ते भराभर सांगून टाकतो. स्वातंत्र्यानंतर लवकरच ब्रिटिश सरकारची एमबीई ही मानाची पदवी. 1965 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या आंतरराष्ट्रीय सिरॅमिक प्रदर्शनात रौप्य पुरस्कार. 1977 मध्ये अहमदू बेल्लो विद्यापीठाची सन्मान्य डॉक्टरेट. 1980 मध्ये नायजेरियाचा राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान, 1981 मध्ये ‘ऑर्डर ऑफ द नायजर’. यातले शेवटचे तीन मायदेशाचे, आणि तेही लंडन-वॉशिंग्टननंतर, हा क्रम आपल्यालाही अनोळखी नाही. 1984 मध्ये त्या गेल्या.

2007 मध्ये 20 नायराच्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूला त्यांचं घागरींसह चित्र आलं. नायजेरियाच्या नोटांवर नावानिशी ओळखता येणारी स्त्री ती एवढीच. मधल्या काळात नायरा इतका घसरला की त्या नोटेत आज जवळजवळ काहीच येत नाही, पण चित्र घरोघरी पोचलं खरं. राजधानीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि एका पंचतारांकित हॉटेलात सभागृहही.

केंद्र मात्र खंगलं. कार्ड्यू 1965 मध्ये परतले, त्यांच्यानंतर मायकेल ओब्रायन यांनी ते काही वर्षं सांभाळलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला ‘लादी क्वाली पॉटरी’ असं नाव मिळालं, पण नावाबरोबर पैसा आला नाही. सुलेजातली ती जागा आज दुर्लक्षित आहे. लादींच्या स्टोनवेअर घागरी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि यॉर्कच्या कलादालनात आहेत, आणि लिलावात त्यांना मोठ्या रकमा येतात. या रकमा संग्राहकाकडून संग्राहकाकडे फिरतात. त्यातलं काही सुलेजापर्यंत जात नाही.

2022 मध्ये लंडनच्या टू टेम्पल प्लेसमध्ये जारेह दास यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मृत्तिकाकलेचं प्रदर्शन मांडलं. त्यात सुरुवातीला लादी आणि अबुजाच्या बायका होत्या, मग ओडुंडो, मग आजच्या तरुण कलावंत. मांडणीचा आधार लादी होत्या आणि कार्ड्यू त्यांच्या संदर्भात येत होते. आजवरच्या बहुतेक पुस्तकांत हे नेमकं उलटं होतं. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचा हिशेब मी असा मांडेन: केंद्राने लादींना भट्टी दिली, पगार दिला, शिक्का दिला आणि जगाचं दार उघडून दिलं. त्याबदल्यात त्यांच्या घागरीचं पाणी गेलं, आणि केंद्राला अशी शिक्षिका मिळाली जिची नोंद त्यांनी शिकाऊ म्हणून केली होती. क्वालीतल्या ज्या बाईकडून लादी हे सगळं शिकल्या, तिचं एकही भांडं मात्र कुठल्या काचेच्या कपाटात तिच्या नावाने नाही.